बांधावर उभ्या होत्या त्यांची नावे

ता. ११ जानेवारी १८८७, मंगळवार. ठाणे.

एकसष्ट नावे झाली. शंभर हवीत. कल्याणच्या शिळाछापखान्याचे धोंडीबा जिनगर म्हणतात, "कारकूनसाहेब, शंभर वर्गणीदारांची यादी हातात द्या, मग शिळेला शाई लावतो. त्याआधी माझ्या दारात उपास करून बसलात तरी नाही."

हल्ली सगळीच पुस्तके अशी निघतात. आधी वर्गणीदार गोळा करायचे, मग छापायचे, आणि सुरुवातीच्या पानांवर त्यांची नावे मानाप्रमाणे, रावबहादुरांपासून खाली. लोक पुस्तक उघडतात ते स्वतःचे नाव शोधायला, आणि मिटतात ते शेजाऱ्याचे नाव आपल्या वर आहे हे पाहून.

माझे ‘खाडीकाठच्या गोष्टी’ एकोणचाळीस नावांवर अडले आहे. आजही जेवण गेले नाही. गोदा, आमचे कुटुंब, म्हणाली, "ताटावर बसून बोटे मोजू नयेत." मी मोजत नव्हतो. म्हणजे, मोठ्याने मोजत नव्हतो.

ता. १७ जानेवारी, सोमवार

आज साठ. पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांनी नाव मागे घेतले. कारण विचारले तर म्हणाले, "आगरी बायांच्या गोष्टी पैसे देऊन काय वाचायच्या, त्या तर फुकट ओरडत असतात." मी हसलो. हसायला नको होते. दिवसभर तेच खुपते आहे.

खरे तर या गोष्टी माझ्याकडे आल्या त्या नोकरीमुळे. कोपरीच्या मिठागरावर मी सरकारी कारकून, मिठाच्या टोपल्या लिहून घेतो. तिथे तुळसा नावाची म्हातारी आहे. पन्नास वर्षे मीठ ओढून हाताची बोटे वाकडी झालेली, आणि गोष्टी मात्र अशा की ऐकताना मी एकदा टोपल्यांचा आकडाच चुकलो. पण बाई हट्टी. उजेडात गोष्ट सांगणार नाही, कारण दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो. आणि कुणी ‘हूं’ म्हणणारे नसेल तर तोंड उघडणार नाही. एकदा मी लिहिण्याच्या नादात हूं म्हणायला विसरलो, तर मधेच थांबून विडा लावत बसली. म्हणे, "मी काय भिताडाला सांगतंय?" तेव्हापासून, सोमवारी कचेरीचा हिशेब असतो तो वार सोडून, दिवेलागणीला मी आगरात जातो, एक हात लिहितो आणि तोंड हूं हूं करते.

नऊ गोष्टी झाल्या. भाषा साफ केली, अर्थातच. ते हुंकारही काढून टाकले.

कुटुंबाने हल्ली दर सोमवारी कौपिनेश्वराचा नेम धरला आहे. पुस्तकासाठीच असणार, बोलून दाखवत नाही. बरे वाटले. देवळाच्या वाटेला एवढा चिखल कुठून येतो कळत नाही, पाय घोट्यापर्यंत भरून आली होती.

ता. २ फेब्रुवारी, बुधवार

अठ्ठावन्न. नावे गळतात. धोंडीबांना कागद आगाऊ आणायला सांगून बसलो आहे. माझ्या शब्दावर त्यांनी तो आणलाही. कल्याणात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

आता एकच माणूस उरला. आबासाहेब वकील. त्यांनी मनात आणले तर अर्धे ठाणे नाव देते. पण मिठागरात त्यांचा हिस्सा आहे, आणि माझ्या वरच्या साहेबांकडे त्यांची ऊठबस. त्यांच्याकडे मागायला जाणे म्हणजे... जाऊ दे. उद्या जातो.

ता. ३ फेब्रुवारी

गेलो नाही. सदरा धुतलेला नव्हता.

ता. १७ फेब्रुवारी, गुरुवार

शंभर!

काल महाराणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाल्याची रोषणाई होती. तलावाकाठी पणत्याच पणत्या. आबासाहेब खुशीत होते, त्या गर्दीतच त्यांना गाठले. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "त्र्यंबकराव, बेचाळीस नावे माझी. सकाळी घरी या, हस्तलिखित घेऊन."

आज सकाळी गेलो. त्यांनी सगळे चाळले. आठ गोष्टींना काही म्हणाले नाहीत, वाचल्या नसाव्यात. नवव्या गोष्टीवर बोट ठेवले. ती बांधाची.

गोष्ट अशी: खाडीचा बांध दर उधाणाला फुटतो. खोताला स्वप्न पडते की खाडी एक सून मागते आहे, तिला बांधात उभी केली की पाणी थांबेल. गावातली सगळ्यांत गरीब घरची सून निवडतात. ती येते, हिरवा चुडा भरून. म्हणते, "मी उतरते, पण नेमके कुठे उभे राहायचे ते खोतांनी दाखवावे, स्वप्न त्यांना पडले." खोत खाली उतरून दाखवतो. ती म्हणते, "अजून थोडे पलीकडे का?" तो पलीकडे सरकतो. तेवढ्यात भरती येते. बांध टिकतो. सून बांधावरून चालत घरी जाते आणि भात टाकते.

आबासाहेब म्हणाले, "हे वाचून आमच्या घरातल्या मुलींनी काय बोध घ्यावा? तिने स्वखुशीने उतरावे, गावासाठी देह ठेवावा, आणि खोताने तिचे देऊळ बांधावे. बघा, डोळ्यांत पाणी येईल." मग जरा थांबून, "बेचाळीस घरांत जाणार आहे पुस्तक."

तसे पाहिले तर त्यांचा शेवट जास्त भारदस्त आहे. बसलो आणि लिहून काढला. देवळाचा कळससुद्धा घातला.

ता. २० फेब्रुवारी, रविवार

नवा शेवट गोदाला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता थांबली.

"पण ती तर घरी जाऊन भात टाकते."

"तुला कसे ठाऊक?"

"आपणच कधी तरी बोलला असाल."

बोललो असेन. हल्ली काय बोलतो ते माझे मलाच आठवत नाही. मग तिने विचारले, "पोरगी बुडते तेव्हा खोत कुठे असतो?"

"काठावर. हात जोडून."

"बरी सोय आहे," म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली. बायकांना भारदस्तपणा कळत नाही. तरी जेवताना तिने पुन्हा वाढले नाही ते लक्षात आले.

ता. ९ मार्च, बुधवार. होळी

आज आगरात होळी पेटल्यावर बायांनी आग्रह केला, की लिहिलेय ते वाचून दाखव. तुळसा समोर, तिच्यामागे पंचवीसतीस जणी. मुकादम भिवाने कंदील धरला. बांधाची गोष्ट काढली. सुरुवातीला काय हुंकार! प्रत्येक वाक्याला सगळ्याजणी एका आवाजात. मला तर स्फुरण चढले. पुढे सून पाण्यात उतरते तिथे हळूहळू आवाज बसत गेला, आणि देवळाशी आलो तेव्हा संपूर्ण शांतता. कंदिलाची वात ऐकू येत होती. एवढ्या हेलावल्या बिचाऱ्या.

ता. १० मार्च

हेलावल्या नव्हत्या.

सकाळी तुळसा मिठाच्या काट्यापाशी आली. म्हणाली, "भाऊ, ती पोर तू मारलीस." मी समजावले, बोध, नीती, बेचाळीस घरे. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मना माज्या आज्जीनं सांगितली, तिला तिच्या आज्जीनं. कोनीच मारली नाय तिला. तूच पयला." आणि टोपली उचलून गेली.

ता. १९ मार्च, शनिवार

नऊ दिवस एकही बाई माझ्याशी बोललेली नाही. टोपली आणतात, ठेवतात, मी नाव विचारतो, त्या खाडीकडे बघतात. नावे भिवा सांगतो. तोही मान फिरवून. "अरे, मी काय केले तुमचे?" असे त्याला विचारले. तो म्हणाला, "कारकून, आमचे घरात पन पोरी हायेत." एवढेच.

धोंडीबांचा निरोप: पहिली आठ पाने शिळेवरून उतरली, शिळा घासून पुढची घेतो, बांधाची तेवढी गोष्ट यायची आहे, ती ताबडतोब पाठवा. हस्तलिखित समोर पडले आहे. देवळाच्या कळसाची ओळ दहादा वाचली. दर वेळी तो खोत काठावर हात जोडून उभा दिसतो, आणि त्याचे तोंड, काय सांगू, माझ्यासारखे दिसते.

ता. २२ मार्च, मंगळवार

जुना शेवट पुन्हा लिहिला. दोनदा दौत सांडली. तसाच आबासाहेबांकडे गेलो.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. सुपारी कातरत म्हणाले, "गोष्ट तुमची आहे, त्र्यंबकराव. नावे आमची आहेत. तुम्ही तुमची ठेवा, आम्ही आमची नेतो." दारापर्यंत पोचवायला आले आणि साहेब बरे आहेत ना, असे विचारले.

घरी येऊन अंग टाकले. बदली होणार. उरण, नाही तर त्याहून लांब. गोदाला सर्व सांगितले. वाटले, रडेल. ती म्हणाली, "उरणला मासे चांगले मिळतात," आणि लिंबाचे सरबत केले. जेवायला ताजा जवळा होता. हा कोण आणून देते, विचारायचे राहूनच जाते.

ता. ३१ मार्च, गुरुवार

चौदा नावे. आबासाहेबांच्या बेचाळीस जणांमागून बाकीचेही गेले. कल्याणला जाऊन धोंडीबांच्या पायरीवर बसलो. कागद आणलेला, आठ पाने छापून दोरीवर टांगलेली. मला तोंड वर करवेना. मी सगळे खरे सांगितले. ते शिळा घाशीत होते, हात थांबवला नाही.

"त्या आठ पानांत काय आहे?"

"प्रस्तावना. माझी."

"ती कोण वाचणार? रद्दीत टाकतो." मग म्हणाले, "ती बांधाची तेवढी सांगा."

सांगितली. छापखान्यात भर दुपारी. मला मामा नाहीत, त्यामुळे कोणाची वाट चुकायची भीती नव्हती. खोत पलीकडे सरकतो तिथे धोंडीबा घासता घासता म्हणाले, "हूं." त्यांच्या ते ध्यानात नसावे.

शेवटी म्हणाले, "नऊ गोष्टी विसरा. ही एकच, बारा पानांची. बारा पानांना चाळीस नावे पुरतात. अक्षय्य तृतीयेपर्यंत आणा, नाही तर हा कागद पंचांगाला देतो."

चौदा अधिक सव्वीस. कुठून आणू?

ता. २ एप्रिल, शनिवार

गोदा म्हणते, "ज्यांची गोष्ट आहे त्यांना विचारलेत का?"

"अगं, त्यांना वाचता येत नाही!"

"ऐकता येते ना? कोणी तरी वाचून दाखवील. बारा पानांचे मोल एका कोंबडीपेक्षा कमी आहे, आपणच सांगितलेत."

वर्गणीदार म्हणजे आगरी बाया! हसे होईल. पण आता उरले तरी कोण हसायचे?

ता. ५ एप्रिल, मंगळवार

गेलो. दिवेलागणीला. आधी तुळसेपुढे जुना शेवट वाचला, मान खाली घालून. सून भात टाकते तिथे ती "हूं" म्हणाली. सत्तावीस दिवसांनी. मी खोकून वेळ मारून नेली.

मग वर्गणीचे समजावले. प्रत्येकीचे नाव पुस्तकात येईल, कायमचे, छापील. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. हौसाबाई म्हणाली, "माजा नाव? बुकात?" दोनदा विचारून घेतले. मग जी झुंबड उडाली!

नवऱ्याचे नाव घ्यायला एकही तयार नाही, लाजून पदरात तोंड. तेव्हा नुसती त्यांची नावे लिहिली. पण नुसत्या नावावर कोणी थांबेना. "हौसा लिव्ह, डावा पाय अधू, पन दोन टोपल्या उचलते." "मालन, चुडा हिरवाच भरते." "सखू, जिच्या तीन पोरी हायेत, तिन्ही जगल्या." असे का सांगतात कळेना, पण लिहून घेतले. मधेच तुळसेने स्वतः एक सांगितले: "गोदा. सोमवारची. हुंकार लय चांगला देते." सोमवारची म्हणजे काय, ते विचारायचे राहिले. गोदा नावाच्या पन्नास असतील.

सत्तावीस झाली! आधीची चौदा धरून एक्केचाळीस. धोंडीबांना हवीत त्याहून एक वर. घरी येताना मी गुणगुणत होतो म्हणे, कुटुंब सांगते.

ता. ११ एप्रिल, सोमवार

देवा, काय करून बसलो.

आज काट्यावर हौसाबाई म्हणाली, "भाऊ, मना खोताच्या बाजूला नको उभी करू. मी सुनेच्या बाजूची." मी म्हटले, "कुठे?" "बांदावर, आनि कुठं? बुकात." मागून मालन: "माजा चुडा दिसला पायजे, पयलेच सांगतेय."

त्यांना वाटते, नाव दिले म्हणजे आपण गोष्टीत आलो! मी पुस्तकात म्हणालो आणि त्यांच्या लेखी पुस्तक म्हणजे गोष्ट. त्यात गोष्टीबाहेरचे पान असते, तिथे नावांची रांग असते, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी पुस्तक पाहिले आहे कुठे? तरीच ते अधू पाय आणि तीन पोरी. खरे सांगितले तर नावे जातील, कागद पंचांगाला. नाही सांगितले तर पुन्हा फसवले, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून.

ता. १४ एप्रिल

झोप नाही. सांगायचे ठरवतो, काट्यापाशी जातो, मालन चुडा हलवते, परत येतो.

ता. १८ एप्रिल, सोमवार

सांगितले. एकट्या तुळसेला. संध्याकाळी ती बांधावर बसली होती, पाय खाडीत सोडून. म्हटले, "आई, माझ्या हातून चूक झाली. नावे गोष्टीत नसतात. आधीच्या पानावर असतात, ओळीने. बायांना वाटते..."

तिने विचारले, "सून चुडा भरून आली, तवा बांदावर कोन व्हतं?"

"गाव."

"गाव म्हंजे कोन?"

खरेच, कोण?

"बाया व्हत्या," ती म्हणाली. "बाप्ये घाबरून घरात. बायाच उब्या व्हत्या. खोत पान्यात सरकला तवा येक बी वरडली नाय, म्हनून तर पोर वाचली. तू कदी विचारलंस, किती व्हत्या नि कोन कोन? आज्जी सांगायची तवा आमची समद्यांची नावं घ्यायची. जी ऐकायला बसली ती बांदावर उबी. तू मना कदी पुरतं सांगूच दिलं नाय, भाऊ. सारका लिवायचास."

म्हणजे चूक त्यांची नव्हतीच. जी ऐकते ती बांधावर, हा त्यांचा रिवाजच आहे, आणि मी नऊ गोष्टी उतरवून घेतल्या, पण तेवढे माझ्या कानाला लागले नाही.

घरी आलो तर गोदा नुकतीच नेमाहून आलेली. पाय धूत होती.

ता. २६ एप्रिल, मंगळवार. अक्षय्य तृतीया. कल्याण.

वर्गणीदारांची यादी सुरुवातीला नाही. सातव्या पानावर, भर गोष्टीत आहे. खोत पाण्यात सरकतो आणि भरती येते, यांच्या मधोमध: ‘तेव्हा बांधावर उभ्या होत्या त्या अशा.’ मग सत्तावीस जणी, अधू पायासह, चुड्यासह. हुंकारही जिथल्या तिथे परत घातले. धोंडीबांना विचारले, पुस्तकाची रीत मोडते, चालेल ना? ते म्हणाले, "शिळेला रीत नसते. जिथे लिहाल तिथे उमटेल."

पुरुष वर्गणीदार चौदा, त्यांचे काय करायचे, हा प्रश्न आला. तुळसेने सोडवला: ते घरात. त्यांची नावे शेवटच्या पानावर घातली आहेत, ‘घरात होते ते’ अशा मथळ्याखाली. त्यात मीही आहे. दोघेजण रुसणार, नक्की. आणि मुखपृष्ठावर ‘त्र्यंबक बापूजी कर्णिक विरचित’ होते ते खोडले. ‘सांगणार तुळसा, लिहिणार त्र्यंबक’ केले. तुळसा म्हणते तिचेही नाव नको, तिची नव्हेच ती गोष्ट. तेवढे मात्र मी ऐकले नाही.

साहेबांनी आज मला बोलावले होते. गेलो नाही, रजा टाकून कल्याणला आलो. काय व्हायचे ते होईल, असे लिहितो खरा, पण ही ओळ दोनदा खोडून पुन्हा लिहिली आहे.

ता. ५ जून, रविवार

बदलीचा कागद अजून आला नाही. रोज टपालवाला दिसला की दारात जाऊन उभा राहतो.

पाऊस तोंडावर आला, मिठाच्या राशींवर गवत घालून झाले, आगर बंद. छापून आलेल्या पुस्तकाचे दिवेलागणीला वाचन ठरले होते. गोदा म्हणाली, मीही येते. म्हटले, "आगरात चिखल आहे, तुला सवय नाही." ती आलीच. कुत्री माझ्यावर भुंकली, तिच्यावर नाही. सखूने तिला न विचारता बसायला पाट दिला, माझ्या मागे, बायांत. बायका बायकांत लवकर मिसळतात.

वाचायला लागलो. भिवाने कंदील धरला. हुंकार भरभरून. खोत पलीकडे सरकला. मी पान उलटले आणि म्हटले, "तेव्हा बांधावर उभ्या होत्या त्या अशा."

"हौसा. डावा पाय अधू, पण दोन टोपल्या उचलते."

अंधारातून एकटीचा आवाज आला, "हूं." जड, ओला.

"सखू. तिच्या तीन पोरी, तिन्ही जगल्या."

"हूं."

एकेक नाव, एकेक हूं. एका म्हातारीला ‘हूं’ म्हणवेना, तिने नुसती मूठ जमिनीवर आपटली. वाचता वाचता माझी भीती कुठे गेली कळले नाही. सव्विसावे नाव वाचले.

"गोदा. सोमवारची. हुंकार फार चांगला देते."

"हूं," माझ्या पाठीमागून आवाज आला. अगदी जवळून. अकरा वर्षे जो रोज ऐकतो तो.

मी मागे वळून पाहिले नाही. डोळे पुसले आणि सत्ताविसावे नाव वाचले. ते मालनचे होते.